तीन हजार रुपयांच्या आत गेमिंगसाठी मेकॅनिकल कीबोर्ड हवा आहे. रात्री घरात आवाज नको

ऐरोलीकर

नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो आणि अभ्यास आटोपल्यावर रात्री दहानंतर तास-दीड तास व्हॅलोरंट हा नेमबाजीचा ऑनलाइन गेम खेळतो. सध्याचा मेंब्रेन (कळांखाली रबरी पापुद्रा असलेला) कीबोर्ड संगणकासोबत आला होता. त्यावर दोन कळा दाबून धरलेल्या असताना तिसरी दाबली, तर ती पुष्कळदा नोंदलीच जात नाही, आणि नेमके ऐन चकमकीत हे घडते. शिकवण्या घेऊन मी तीन हजार रुपये साठवले आहेत.

अडचणी दोन आहेत. आमचे घर वन-रूम-किचन आहे. बाबांना पहिल्या पाळीसाठी पहाटे साडेपाचला निघावे लागत असल्याने ते लवकर झोपतात, आणि माझे टेबल त्यांच्या पलंगापासून सहा-सात फुटांवर आहे. शिवाय आईच्या बचत गटाचे हिशेब आणि इतिवृत्त मीच टंकित करतो. हिशेबासाठी अंकांच्या वेगळ्या कळा सोयीच्या पडतात, पण टेबल जेमतेम अडीच फूट रुंद असल्यामुळे पूर्ण आकाराचा कीबोर्ड ठेवला की माउस फिरवायला जागा उरत नाही. चुंबकीय स्विचच्या कीबोर्डसाठी आणखी काही महिने थांबावे का, हेही ठरत नाही.

नौपाडा८७

तिसरी कळ न नोंदण्याचे कारण आधी सांगतो, म्हणजे पैसे कशासाठी मोजायचे ते स्पष्ट होईल. साध्या कीबोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. ठरावीक तीन कळा एकदम दाबल्या गेल्या की चौथीही दाबली गेल्याचा भास निर्माण होतो, आणि तो टाळण्यासाठी आतील चिप तिसरी कळ नोंदवायचेच नाकारते. चांगल्या मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीला स्वतंत्र डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असल्याने हा घोळ होत नाही. खोक्यावर ‘एन-की रोलओव्हर’, म्हणजे कितीही कळा एकदम दाबल्या तरी सगळ्या नोंदल्या जातात, असे लिहिलेले आहे का, ते पाहावे.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली वेगळा स्विच असतो आणि त्याचा प्रकार रंगावरून ओळखतात. तुमच्या घरी निळा स्विच अजिबात चालणार नाही. त्याचा ‘टिक’ आवाज मुद्दाम घडवलेला असतो, आणि रात्रीच्या शांततेत तो भिंतीपलीकडेही जातो. तपकिरी स्विचमध्ये टिक नसते, बोटाला फक्त हलका अडथळा जाणवतो. लाल स्विच सरळ खाली जातो. चेरी कंपनीच्या मूळ लाल स्विचला सुमारे 45 ग्रॅम जोर लागतो, 2 मिलिमीटरवर कळ नोंदली जाते आणि एकूण खोली 4 मिलिमीटर असते. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यानंतर गेटरॉन, कैल्ह, आउटेमू या कंपन्यांनी त्याच धर्तीचे स्विच स्वस्तात आणले, म्हणून तर आज ही वस्तू तुमच्या-माझ्या आवाक्यात आहे.

माझे मत स्पष्ट आहे : लाल स्विच आणि 87 कळांचा, म्हणजे अंकांचा भाग नसलेला कीबोर्ड घ्यावा. रेडड्रॅगनचा के-552 हे याच आकाराचे एक उदाहरण आहे, मात्र तो वेगवेगळ्या स्विचसह मिळत असल्याने कोणता रंग हातात पडतो आहे हे तपासूनच पैसे द्यावेत. 61 कळांच्या छोट्या कीबोर्डचा मोह टाळावा, कारण त्यात बाणाच्या कळा ‘एफएन’ ही जोडकळ दाबून वापराव्या लागतात आणि इतिवृत्तात दुरुस्त्या करताना त्याचा फार जाच होतो.

कोपरीचा_कारागीर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण त्यात हॉट-स्वॅपचा, म्हणजे डाख न काढता स्विच बदलता येण्याच्या सोयीचा, उल्लेख राहिला, आणि माझ्या दृष्टीने स्विचच्या रंगाइतकेच महत्त्व त्याला आहे. आपल्याकडची दमट हवा आणि धूळ यांमुळे दोन-तीन पावसाळ्यांनंतर एखादा स्विच एका दाबात दोन अक्षरे उमटवू लागतो. माझ्या पहिल्या कीबोर्डवर ‘ए’ची कळ अशी बिघडली, आणि स्विच डाख देऊन पक्के केलेले असल्याने एका कळीसाठी सबंध कीबोर्ड बाजूला ठेवावा लागला. हॉट-स्वॅप असता, तर चिमट्याने जुना स्विच उपटून नवा बसवता आला असता. याच सोयीमुळे पुढे हवे तर आवाज दाबणारे सायलेंट लाल स्विचही बसवता येतात.

खरेदीपूर्वी एवढे विचारावे की स्विच ज्यात बसतो ते सॉकेट तीन पिनांचे आहे की पाच. पाच पिनांच्या स्विचचे प्लास्टिकचे दोन पाय कापून तो तीन पिनांच्या सॉकेटमध्ये बसतो. काही स्वस्त कीबोर्डची सॉकेट मात्र इतकी अरुंद असतात की त्यांत आउटेमूच्या बारीक पिनाच जातात.

शक्य असल्यास मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन कळा स्वतःच्या बोटांनी दाबून पाहाव्यात. ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरावे, आणि रविवार टाळावा.

वाशी_टंकलेखक

अंकांसाठी यूएसबीचा स्वतंत्र नंबरपॅड मिळतो. हिशेबाच्या दिवशी तो जोडावा, एरवी खणात ठेवावा. इनस्क्रिप्ट या मराठी टंकनाच्या मांडणीसाठी कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसली तरी बिघडत नाही. मांडणी बोटांना पाठ असते.

चुंबकीय स्विचसाठी थांबू नये. कळ किती खोलीवर नोंदायची ते त्यात ठरवता येते आणि कळ किंचित वर येताच ती सुटल्याचे नोंदले जाते, हे खरे आहे. परंतु तुमची तक्रार न नोंदल्या जाणाऱ्या कळीची आहे, आणि ती साध्या लाल स्विचनेही मिटेल. त्या महागड्या कीबोर्डमधील डावी-उजवीसारख्या एकमेकांविरुद्धच्या दोन कळा आपोआप सांभाळणाऱ्या सोयीवर तर ऑगस्ट 2024 मध्ये वॉल्व्ह कंपनीने आपल्या काउंटर-स्ट्राइक 2 या गेमच्या अधिकृत सर्व्हरवर बंदी घातली. तुम्ही केवळ तारेचा, 1000 हर्ट्झचा कीबोर्ड घ्या. तो दर मिलिसेकंदाला संगणकाशी बोलतो; 125 हर्ट्झच्या कीबोर्डला त्यासाठी आठ मिलिसेकंद लागतात.

ऐरोलीकर

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी ग्रँट रोडला जाऊन 87 कळांचा, लाल स्विचचा हॉट-स्वॅप कीबोर्ड घेतला, आणि नंबरपॅड पुढच्या महिन्यावर ठेवला आहे. खाली जुनी सतरंजी दुमडून घातल्यावर काल रात्री बाबांना जाग आली नाही. तीन कळा एकदम व्यवस्थित नोंदल्या जातात. फक्त स्पेसबार दाबताना पत्रा हलल्यासारखा आवाज येतो. त्यावर काही उपाय आहे का?

कोपरीचा_कारागीर

तो आवाज स्पेसबारखालच्या आधाराच्या तारेचा आहे. कीकॅप (कळीची वरची टोपी) सरळ वर उचलून काढा आणि तारेची टोके प्लास्टिकमध्ये जिथे शिरतात तिथे काडीच्या टोकाने डायइलेक्ट्रिक ग्रीस (वीज न वाहणारे घट्ट वंगण) लावा. खोबरेल तेल मात्र लावू नका. ते ओघळून स्विचमध्ये उतरते.