ट्रायकोब्लास्टोमा आणि बेसल सेल कार्सिनोमा: भेग नेमकी कुठे पडली आहे?

त्वचेच्या गाठीतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बेसल सेल कार्सिनोमासारख्या (त्वचेच्या एका कर्करोगासारख्या) असतील आणि भोवती भेगा दिसत असतील तर निदान कर्करोगाकडे झुकवावे, हे या चर्चेत आलेले मत मला अर्धेच मान्य आहे. भेग आहे की नाही यापेक्षा ती कुठे आहे हे पाहावे: कार्सिनोमात ती पेशींचे पुंजके आणि भोवतालची संयोजी ऊती यांच्यामध्ये पडते, तर ट्रायकोब्लास्टोमात (केसांच्या मुळांशी साम्य असलेल्या सौम्य गाठीत) ही ऊती पुंजक्यांना बिलगून राहते आणि भेग बहुधा ऊतीच्या आतच सापडते.

मर्केल पेशींचा (त्वचेतील स्पर्शाशी संबंधित पेशींचा) उल्लेख मात्र या चर्चेत कोणी केलेला नाही. सोलापुरात आमच्याकडे गालावरच्या, मध्यभागी खळगा असलेल्या कडक चकतीचा नमुना आला होता. पेशींच्या अरुंद रांगा, घट्ट कोलॅजन आणि मधूनमधून केराटिनच्या (त्वचेतील कठीण प्रथिनाच्या) बारीक पुटिका. डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमाचीच (ट्रायकोब्लास्टोमाच्या गटातील, घट्ट ऊती असलेल्या सौम्य गाठीची) शंका होती, पण वरवर खरवडलेल्या तुकड्यावर तसे लिहून देणे धाडसाचे ठरते (असे तुकडे पाठवू नका, हे किती वेळा सांगावे!). म्हणून खोल तुकडा मागवला आणि त्याचा ब्लॉक (मेणात बसवलेला नमुना) सीके २० साठी, म्हणजे मर्केल पेशी रंगवून दाखवणाऱ्या चाचणीसाठी, पुण्याला पाठवला. रांगांमध्ये विखुरलेल्या मर्केल पेशी तपकिरी उमटल्या. मॉर्फिआफॉर्म कार्सिनोमात (बेसल सेल कार्सिनोमाच्या, या गाठीसारख्याच दिसणाऱ्या प्रकारात) त्या सहसा आढळत नाहीत. त्या दिसल्या नाहीत, एवढ्यावरून मात्र कार्सिनोमा ठरवू नये.