मदत हवी आहे: हार्ट अटॅकनंतर बीटा ब्लॉकर किती वर्षं?

बाबांना दोन वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आला. आता इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला हृदयाच्या कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं ते) ५५ टक्के, म्हणजे नॉर्मल, तरी मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर गोळी) चालूच आहे. जिना चढताना फार थकतात, बघवत नाही.

२०२४ च्या रिड्यूस-एएमआय चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन किमान ५० टक्के असलेल्यांना बीटा ब्लॉकरचा फायदा दिसला नाही. २०२५ च्या रीबूट चाचणीतही (इजेक्शन फ्रॅक्शन ४० टक्क्यांहून जास्त असलेले रुग्ण) फायदा दिसला नाही. पण त्याच वर्षी नॉर्वे-डेन्मार्कच्या अभ्यासात पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण कमी दिसलं! आणि फ्रान्समधल्या अबिस चाचणीत गोळी थांबवलेल्यांना हृदयाच्या तक्रारींसाठी जास्त वेळा भरती व्हावं लागलं. गोळी सुरूच न करणं आणि चालू गोळी थांबवणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना?

मनाने काहीच बंद करणार नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं काय विचारू? डोस कमी करून बघतात का? जाणकारांनी कृपया सांगावं.