फोरट्रान: सुरुवात कुठून करावी?

खडूफळा
एम.एस्सी. भौतिकशास्त्राच्या प्रकल्पात फोरट्रान भाषेच्या ७७ या आवृत्तीतला जुना प्रोग्राम चालवून थोडा बदलायचा आहे. पायथॉन येतं, लॅपटॉपवर उबुंटू आहे. आधी ७७ शिकू की थेट ९०? कंपायलर (कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा) कोणता?

सहावा रकाना
७७ वाचता आलं की पुरे, लिहायचं ते ९० च्या पद्धतीने. कंपायलर जीफोरट्रान, फुकट आहे: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल जीफोरट्रान’.

फाइलच्या नावाकडे लक्ष द्या. शेवटी ‘.एफ’ असेल तर कंपायलर ती रकान्यांच्या साच्यातली धरतो, ‘.एफ९०’ असेल तर मोकळी. जुनी फाइल ‘.एफ९०’ नावाने ठेवलीत तर ‘सी’ने सुरू होणाऱ्या टिपांच्या ओळींवरच एररचा पाऊस पडेल.

हा साचा पंचकार्डांच्या काळातला. पहिले ५ रकाने लेबलसाठी, सहाव्यात शून्य सोडून काहीही चिन्ह असलं की ती ओळ आधीच्या ओळीचाच पुढचा भाग, आणि मजकूर ७ ते ७२ मध्ये. ७३ व्या रकान्यापासून पुढचं कंपायलर वाचतच नाही. ओळ लांबली आणि १.२३४५ मधला ‘४५’ बाहेर गेला तर एरर येत नाही, उत्तर तेवढं चुकतं. असं दिसलं तर कंपाइल करताना ‘-एफफिक्स्ड-लाइन-लेंग्थ-१३२’ लावा.

शून्य नव्हे एक
पायथॉनवाल्यांचे पाय घसरतात त्या जागा:

१/२ चं उत्तर ०. पूर्णांक भागिले पूर्णांक म्हणजे पूर्णांकच, १.०/२.० लिहा. डबल प्रिसिजन चलात ०.१ ठेवलात तरी अचूकता साधारण ७ अंकांचीच, कारण तो आकडा मुळात सिंगल प्रिसिजनचा आहे. ०.१डी० लिहायचं.

अ‍ॅरे १ पासून मोजतात आणि मेमरीत स्तंभाने साठवतात, म्हणून सर्वांत आतलं लूप पहिल्या इंडेक्सचं हवं. उलट केलंत तर मोठ्या मॅट्रिक्सवर प्रोग्राम रखडतो.

आणि ‘इम्प्लिसिट नन’, म्हणजे प्रत्येक चल आधी घोषित करायला लावणारी ओळ! ते नसेल तर आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं न घोषित केलेलं चल पूर्णांक ठरतं. ‘मास’ला २.७ दिलंत की राहतात २. तुमच्या नव्या फाइलींत ते हवंच. जुन्यात घातलंत तर शेकडो एरर अंगावर येतील, तिथे एकेक सबरुटीन (उपप्रोग्राम) घेऊन करा.

खडूफळा
कंपाइल करताना ‘टाइप मिसमॅच’ एरर येतोय.

सहावा रकाना
जीफोरट्रान १० पासून तो एरर झाला, आधी नुसती ताकीद मिळायची. ‘-एफअलाऊ-आर्ग्युमेंट-मिसमॅच’ने पुढे जाता येतं, पण आधी ती सबरुटीन उघडून बघा, खरोखरच चुकीचा प्रकार पाठवला जात असेल. पहिले काही दिवस ‘-जी -वॉल -एफचेक=ऑल’ लावूनच चालवा. अ‍ॅरेच्या हद्दीबाहेरचं वाचन लगेच पकडलं जातं. वेग कमी होतो, उत्तर तपासून झालं की ते काढून वेगासाठी ‘-ओ२’ लावा.

शून्य नव्हे एक
समीकरणं सोडवायला स्वतः गाउसची पद्धत लिहीत बसू नका, लॅपॅक ही तयार सबरुटीनांची लायब्ररी आहे. ‘-एललॅपॅक -एलब्लास’ फाइलच्या नावानंतर लिहा, आधी लिहिलंत तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ येऊ शकतो. समीकरणं सोडवणारं त्यातलं डीजीईएसव्ही तुमच्या मूळ मॅट्रिक्सवरच लिहितं, पुढे लागणार असेल तर प्रत ठेवा.