नव्या पोरांना व्हर्ट-मॅनेजर (व्हर्च्युअल मशीनं माऊसने हाताळायचा प्रोग्राम) द्यायचाच नाही, थेट व्हर्श (तेच काम कमांड लिहून). पटतं का?

सीप्झवासी:
आमच्या अंधेरीच्या ऑफिसात टेस्टिंगची सगळी व्हीएम, म्हणजे एका खऱ्या संगणकातली आभासी मशीनं, केव्हीएमवर (लिनक्समधली त्यासाठीची सोय) चालतात. यंदा नवी पोरं आलीत. माझं म्हणणं, त्यांना पहिल्या दिवसापासून कमांड लाइनवरच बसवा. माऊसने केलेल्या कामाचा मागमूस राहत नाही. नवं मशीन बनवणाऱ्या व्हर्ट-इन्स्टॉल कमांडची ओळ फाइलमध्ये राहते: मेमरी किती, सीपीयू किती, नेटवर्कचा ब्रिज कुठला. सहा महिन्यांनी तसंच मशीन लागलं तर तीच ओळ परत चालवायची. १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची वीज गेली होती, आठवतंय? वीज आल्यावर कोणती मशीनं आपोआप उठणार, हे 'व्हर्श लिस्ट --ऑल --ऑटोस्टार्ट' एका फटक्यात सांगतं. व्हर्ट-मॅनेजरमध्ये एकेक मशीन उघडून टिकमार्क बघत बसा. रेड हॅटनेही त्यांच्या लिनक्समध्ये, आरएचईएल ८ पासून, त्याला 'डेप्रिकेटेड' ठरवलंय, म्हणजे पुढे निरोपाचा नारळ.

ठाणेकर_अ‍ॅडमिन:
साहेब, अर्धीच गोष्ट सांगताय. रेड हॅटने त्याच्या जागी कॉकपिट पुढे केलं, तेही ब्राउझरमधलं, क्लिकवालंच! आणि पोरांना व्हर्श देणार असाल तर आधी शटडाउन आणि डिस्ट्रॉय समजावा. शटडाउन आतल्या ओएसला फक्त सांगतो की बाबा, बंद हो. तिने ऐकलं नाही तर मशीन चालूच. मग पोरगं वैतागून डिस्ट्रॉय मारतं, म्हणजे थेट प्लग उपटल्यासारखं. डिस्क फाइल शाबूत राहते, पण डेटाबेस लिहीत असेल तर बोंबला. पुढे मशीनची नोंद काढणाऱ्या 'अनडिफाइन'ला 'रिमूव्ह-ऑल-स्टोरेज' जोडलं की डिस्कही गेली, आणि 'नक्की ना?' असं कोणी विचारत नाही. व्हर्ट-मॅनेजर निदान कुठल्या फाइली पुसणार ते तरी दाखवतो.

बदलापूर_फास्ट:
तुम्ही दोघं एसीत बसून भांडताय. माझ्या ऑन-कॉलला मी लोकलमध्ये एका हाताने दांडा धरून उभा असतो. कॉकपिट त्या स्क्रीनवर चालवून बघा एकदा. एसएसएचने (दुरून कमांड लाइनवर लॉगिन करून) यादी लगेच दिसते, आणि मुंब्र्याच्या बोगद्यात नेट गेलं तरी सर्व्हरवर टीमक्समध्ये (नेट तुटलं तरी टर्मिनल जिवंत ठेवणारा प्रोग्राम) लावलेलं काम चालू राहतं.

ठाणेकर_अ‍ॅडमिन:
गर्दीत उभं राहून प्रॉडक्शनवर कमांड? धक्का लागून डीबी११ मशीनच्या जागी डीबी१ गेलं की मग कळेल.

बदलापूर_फास्ट:
यादी बघणं आणि मशीन पाडणं यात फरक आहे हो.

परळ_रात्रपाळी:
ठाणेकर दादा, तुमची भीती खरी आहे, पण आमच्याकडे काय झालं ते ऐका. रात्री एक मशीन 'पॉज्ड' झालं. ऑपरेटरने व्हर्ट-मॅनेजरमध्ये रिझ्यूम दाबलं, क्षणात परत पॉज्ड. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मी 'व्हर्श डोमस्टेट --रीझन' मारलं, तर आय/ओ एरर. होस्टची, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर व्हीएम चालतात त्याची, डिस्क काठोकाठ भरलेली! अपग्रेडच्या आधी कोणीतरी डिस्क-ओन्ली स्नॅपशॉट (फक्त डिस्कची त्या क्षणाची स्थिती) काढून विसरलं होतं. तसा स्नॅपशॉट काढला की व्हीएमच्या डिस्कची मूळ क्यूकाऊ२ फाइल आहे तशी राहते आणि नवं लिखाण सगळं ओव्हरले नावाच्या वेगळ्या फाइलीत जातं. तो ओव्हरले फुगत फुगत गेला. जागा संपली की क्यूईएमयू (व्हीएम प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम) मशीन पाडत नाही, थांबवून ठेवतं, हे त्यातल्या त्यात नशीब. जागा मोकळी केली, रिझ्यूम केलं, मग ब्लॉककमिट कमांडने ओव्हरलेतला डेटा मूळ फाइलीत आणला. म्हणून कमांड लाइन आलीच पाहिजे, यावर मी सीप्झवासींच्या बाजूने. पहिल्याच दिवशी सगळे अधिकार मात्र नकोत. पोरांना लिबव्हर्ट ग्रुपमध्ये (त्यात असलं की व्हीएमवर पूर्ण अधिकार) घालूच नका, 'व्हर्श -आर' (फक्त वाचायचं) द्या. सगळं बघता येतं, काही मोडता येत नाही.

सीप्झवासी:
हे करून पाहिलं हो ताई. यादीच रिकामी येते, पोरं म्हणतात मशीनं गेली कुठे!

परळ_रात्रपाळी:
साधा युजर स्वतःच्या सेशनला (त्याच्या एकट्याच्या यादीला) जोडला जातो, सिस्टमला (होस्टच्या सामाईक यादीला) नाही. 'व्हर्श -सी' देऊन पुढे क्यूईएमयूचा सिस्टमवाला पत्ता टाका, मग '-आर'. नाहीतर पत्ता प्रत्येकाच्या प्रोफाइलमध्ये एकदाच टाकून ठेवा.

ठाणेकर_अ‍ॅडमिन:
'-आर'ला माझी हरकत नाही. पण माझ्या होस्टवरचा व्हर्ट-मॅनेजर कोणी काढायचा नाही.