मदत हवी आहे: शेअरपॉइंट सर्चच्या निकालात पोर्टलऐवजी मशीनचं नाव येतंय

आमचं अंतर्गत पोर्टल मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट सर्व्हर २०१९ या सॉफ्टवेअरवर आहे. ऑफिसात ते मशीनचं नाव आणि पोर्ट टाकून उघडतात. शाखांसाठी एचटीटीपीएसचा पूर्ण डोमेनवाला पत्ता दिलाय. शाखेतल्या माणसाने 'रजेचा अर्ज' शोधला की फाइल बरोबर सापडते, पण खालचा पत्ता मशीनच्या नावाचा असतो, आणि क्लिक केलं की पान उघडतच नाही. ऑफिसात सगळं चालतं, त्यामुळे साहेबांना ही अडचण खरी वाटतच नाही.

ऑल्टरनेट अ‍ॅक्सेस मॅपिंगमध्ये (एकाच पोर्टलचे वेगवेगळे पत्ते 'झोन'प्रमाणे नोंदवायची जागा) एचटीटीपीएस डिफॉल्ट झोनला आणि मशीनचं नाव इंट्रानेट झोनला आहे. कंटेंट सोर्सचा, म्हणजे सर्चने काय वाचायचं त्या नोंदीचा, स्टार्ट अ‍ॅड्रेस आधीच्या कंत्राटदाराने मशीनच्याच नावाचा ठेवलाय. सर्व्हर नेम मॅपिंग टाकून बघितलं, तर आता ऑफिसातल्यांनाही एचटीटीपीएसच दिसतं. ज्याला त्याला आपापला पत्ता दिसायला काय करू?

प्रतिसाद
गोम स्टार्ट अ‍ॅड्रेसमध्ये आहे. डिफॉल्ट झोनचा पब्लिक यूआरएल (त्या झोनचा पत्ता) क्रॉल केला, म्हणजे सर्चने पानं त्या पत्त्यावरून वाचली, तरच सर्च निकालातला पत्ता बघणाऱ्याच्या झोनप्रमाणे बदलतो. दुसरा झोन क्रॉल केलात की क्रॉल झालेला पत्ताच सगळ्यांच्या माथी. सर्व्हर नेम मॅपिंग काढून टाका; ते एका नावाजागी दुसरं बसवतं, झोनबिन बघत नाही. फाइल शेअरसाठी ठीक आहे.

स्टार्ट अ‍ॅड्रेस बदलण्याआधी एक बघा: डिफॉल्ट झोनला विंडोज ऑथेंटिकेशन आहे का? तिथे नुसतं एडीएफएस (वेगळ्या लॉगिन सर्व्हरकडून ओळख पटवणं) असेल तर पानं वाचणाऱ्या क्रॉलरला आत शिरता येणार नाही. कंत्राटदाराने बहुधा म्हणूनच इंट्रानेट झोन निवडला असावा. डिफॉल्ट झोनमध्येच एनटीएलएम (विंडोज ऑथेंटिकेशनचा एक प्रकार) जोडता येतं, फक्त मग लॉगिनच्या वेळी कुठल्या मार्गाने जायचं ते विचारणारं पान येतं. मग स्टार्ट अ‍ॅड्रेस बदलून फुल क्रॉल, म्हणजे सगळं पहिल्यापासून वाचायला लावा.

धागाकर्ता
एडीएफएसच होतं. एनटीएलएम जोडलं, पण क्रॉल लॉगमध्ये आता ४०१ (ओळख न पटल्याने प्रवेश नाकारला) येतोय. क्रॉलच्याच खात्याने माझ्या लॅपटॉपवरून पोर्टल उघडतं, सर्व्हरवर बसून नाही.

प्रतिसाद
तो लूपबॅक चेक. सर्व्हर स्वतःलाच डोमेनच्या नावाने हाक मारतोय, विंडोज अडवतंय. विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या साठ्यात) बॅककनेक्शनहोस्टनेम्समध्ये पोर्टलचं नाव घाला. नेटवर 'डिसेबललूपबॅकचेक १ करा' असं सर्रास सांगतात; प्रॉडक्शनवर (रोजच्या वापरातल्या सर्व्हरवर) ते नको, सगळ्याच नावांना मोकळीक मिळते.