कॅथलिक शाळेतली दुसरी : नक्की काय काय धरून चालायचं?

पाटीपेन्सिल

मुलगी पहिलीतून दुसरीत जातेय. शाळा कॅथलिक. मी कॅथलिक आहे, नवरा नाही. मुलीचा बाप्तिस्मा झालाय, पण आम्ही आधी राहायचो तिथल्या चर्चमध्ये. दुसरीचं वर्ष 'फर्स्ट कम्युनियनचं वर्ष' (मूल चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे वेदीवरची भाकर घेतं ते) एवढंच सगळे सांगतात, पुढे कोणी बोलत नाही. हे सगळं शाळाच करून घेते का? घरी रोज किती वेळ द्यावा लागतो? आणि या सगळ्यात नेहमीचा अभ्यास मागे पडतो का? माहितगारांनी जरा खुलासेवार सांगा.

---

मेणबत्ती

पहिला गैरसमज आधी काढून टाका. शाळा शिकवते, पण ठरवते धर्मग्राम, म्हणजे तुमची पॅरिश (तुम्ही राहता त्या भागाचं चर्च). दुसरीत बहुतेक गोंधळ होतात ते इथेच. वर्गात रोज धर्मशिक्षणाचा तास होतो, वहीत शेरे मिळतात, म्हणून पालक निर्धास्त राहतात आणि ऐन वेळी कळतं की पॅरिशमध्ये नावच घातलेलं नाही. काही ठिकाणी शाळेचा गट एकत्र कम्युनियन घेतो, काही ठिकाणी प्रत्येक मूल आपापल्या पॅरिशमध्ये. काही पॅरिशमध्ये तयारी दोन वर्षांची असते, मग पहिलीत नाव नसेल तर तिसरी उजाडते. तेव्हा वर्ष सुरू व्हायच्या आत दोन्हीकडे विचारा : नोंदणी कुठे, पालकांच्या सभा किती, कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) कधी, कम्युनियन कुठल्या चर्चमध्ये.

बाप्तिस्म्याचा दाखला आत्ताच मागवा. मूळ नोंदवही जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमध्ये राहते, ती तुमच्यामागे गावोगाव फिरत नाही. त्या कार्यालयाला मुलीचं पूर्ण नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याचा अंदाजे महिना आणि आईवडिलांची नावं कळवलीत की दाखला काढून देतात. शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि इथलं नाव जुळतंय का तेही बघून घ्या. स्पेलिंगचा फरक निघाला की पत्रव्यवहारात आठवडे जातात.

नवरा कॅथलिक नाही याची अडचण नाही. सभांना तो बसू शकतो, त्या दिवशी मुलीबरोबर पुढच्या बाकावरही बसतो, फक्त कम्युनियन घेत नाही. लग्न चर्चमध्ये झालं की नाही, आईवडील विभक्त आहेत का, यावरून मुलाला संस्कार (कन्फेशन, कम्युनियन हे विधी) नाकारत नाहीत.

आता दुसरीच का? चर्चचा कायदा सात वर्षं पुरी झालेल्या मुलाला 'समज आली' असं धरतो. पूर्वी कम्युनियन दहा-बारा वर्षांनंतर, कुठे त्याहूनही उशिरा मिळायचं. पोप दहावे पायस यांनी 1910 साली फर्मान काढून वय सातच्या आसपास आणलं. आजचा कायदा 1983 चा आहे. त्यात कम्युनियनच्या आधी कन्फेशन सांगितलंय, म्हणून क्रम ठरलेला : आधी पापनिवेदन (जुन्या माणसांच्या तोंडी कुमसार), मग कम्युनियन. कन्फेशन बहुधा नाताळाआधीच्या आगमनकाळात किंवा ईस्टरआधीच्या उपवासकाळात असतं, कम्युनियन ईस्टरनंतरच्या आठवड्यांत. काही धर्मप्रांतांत (बिशपांच्या हद्दीत) दृढीकरणही, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरचा कन्फर्मेशनचा संस्कारही, कम्युनियनच्या आधी उरकतात. तुमच्याकडे तसं असेल तर त्यासाठीही धर्ममाता किंवा धर्मपिता ठरवावा लागेल.

---

खडूफळा

अभ्यासाचं मी सांगते. मागे पडत नाही, पण दुसरी ही पहिलीची पुढची आवृत्ती नाही. पहिलीत मूल अक्षरं जुळवून वाचतं, दुसरीत त्याने ओघाने वाचावं अशी अपेक्षा असते. इंग्रजी वाचनात, अमेरिकी शाळांच्या मापाने, वर्षअखेरीस अनोळखी उताऱ्यातले मिनिटाला साधारण 90 ते 100 शब्द अचूक यावेत. घड्याळ लावून रोज परीक्षा घेऊ नका. एकच छोटा उतारा तीन दिवस तीनदा मोठ्याने वाचून घ्या, वेग आपोआप येतो. मग पुस्तक मिटून 'काय झालं?' विचारा. फडाफडा वाचलं आणि सांगता काहीच आलं नाही, असं झालं तर वेगाचा नाद सोडा आणि अर्थाकडे वळा. उलटसुलट b आणि d पहिलीत चालून जातात. दुसरीच्या शेवटीही सतत होत असतील तर बाईंशी बोला, डोळेही तपासून घ्या.

गणितात खरी कसोटी हातच्याच्या वजाबाकीची. 52 वजा 27 दिलं की मूल 35 लिहितं. ही आळशी चूक नाही. त्याने एककाच्या घरात 2 मधून 7 जात नाहीत असं पाहिलं आणि सरळ 7 मधून 2 काढले, कारण 'मोठ्यातून लहान वजा' एवढंच डोक्यात बसलंय. 'हातचा घे' असं दहा वेळा ओरडून ते जात नाही. आइस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून बांधा, दोन काड्या सुट्या ठेवा. आता म्हणा, यातून 27 मला दे. सात सुट्या द्यायला त्याला एक गठ्ठा सोडावाच लागतो : चार गठ्ठे, बारा सुट्या. दिल्यावर उरतात दोन गठ्ठे आणि पाच काड्या. चार-पाच दिवस काड्यांवर झालं की मगच कागदावर, आणि सोडलेल्या गठ्ठ्याची खूण 5 वर काट मारून 4 अशी करायची.

बाकी घड्याळ पाच-पाच मिनिटांनी वाचणं, सेंटिमीटरमध्ये मोजणं, सम-विषम, ओळी-रांगांतून गुणाकाराची ओळख. हे खेळता खेळता होतं.

गृहपाठाचा सर्वसाधारण दंडक इयत्ता गुणिले दहा मिनिटं, म्हणजे दुसरीला वीस. त्यावर वाचन दहा-पंधरा मिनिटं आणि प्रार्थनेची पाच. रोज चाळीस मिनिटांपुढे जात असेल तर मूल कुठे अडतंय ते बघून बाईंना चिठ्ठी लिहा. पालकांनीच गृहपाठ पूर्ण करून दिला तर मूल अडलंय हे बाईंना कळतच नाही.

---

तिसरा बाक

प्रार्थनांचं पाठांतर लवकर सुरू करा. प्रभूची प्रार्थना, नमो मारिया, त्रैक्याचा गौरव या पहिलीतच येत असतील. दुसरीत पश्चात्तापाची प्रार्थना, दहा आज्ञा आणि मिस्सातली (चर्चमधल्या सामुदायिक उपासनेतली) लोकांची उत्तरं यांची भर पडते. रोज एक ओळ, बस.

---

मेणबत्ती

@तिसरा बाक, पाठांतर हवंच, पण त्यावर सगळा भर नको. मुलं प्रार्थना सुरात शिकतात, शब्दांत नाही. सूर मोडून मधूनच एक ओळ विचारा, गाडी अडते. 'मोह' म्हणजे काय, 'उदराचे फळ' म्हणजे काय हे विचारा, उत्तरं ऐकून गंमत वाटेल. एक ओळ पाठ, तिचा अर्थ मुलाच्या शब्दांत, मग पुढची ओळ. कायद्याला या वयात मोठं ज्ञान नको असतं. आपल्या वयाच्या मानाने ख्रिस्तप्रसादाचं रहस्य कळावं आणि मनापासून, आदराने घेता यावं, एवढंच. फादर मुलांशी बोलतात तेव्हा बहुधा हेच चाचपतात : ही भाकर आणि घरची भाकर यात फरक काय?

पाठांतरापेक्षा रविवारची मिस्सा चुकणं जास्त महागात पडतं. वर्गात मिस्साचे भाग तक्त्यावर शिकवतात, पण ज्या मुलाने मिस्सा क्वचित पाहिलीय त्याला तो तक्ता म्हणजे न पाहिलेल्या गावाचा नकाशा. पुढच्या बाकांवर बसा. मागे बसलं की मुलाला मोठ्यांच्या पाठीच दिसतात.

आता कन्फेशन. मुलांची भीती पापांची कमी आणि 'पुढे काय बोलायचं ते विसरलो तर' याची जास्त असते. क्रम असा : क्रूसाची खूण, 'फादर, मला आशीर्वाद द्या, हे माझं पहिलं कन्फेशन', मग चुका सांगायच्या, फादर काही बोलतील ते ऐकायचं, प्रायश्चित्त म्हणून एखादी प्रार्थना किंवा काम सांगतील ते लक्षात ठेवायचं, पश्चात्तापाची प्रार्थना, फादर क्षमेचे शब्द उच्चारतात, 'आमेन', बाहेर येऊन प्रायश्चित्त करायचं. विसरलं तर फादर आठवण करून देतात. तसं मुलाला आधीच सांगून ठेवा, निम्मी भीती तिथेच जाते. जाळीमागे बसायचं की समोरासमोर, हेही मुलाला निवडू द्या.

घरी तयारी करताना चूक, अपघात आणि पाप हे तीन वेगळे करून दाखवा. दूध सांडलं हा अपघात. गणित चुकलं ही चूक. धाकट्याला मुद्दाम ढकललं आणि 'तोच पडला' म्हटलं, हे पाप. हा भेद झाला नाही तर मुलं ढेकर दिल्याचीसुद्धा कबुली देतात, आणि काही हळवी मुलं झोपताना नरकाचे प्रश्न विचारू लागतात. अशा मुलाला आणखी यादी करायला लावू नका, फादरांशी बोला.

आणि बाहेर आल्यावर 'काय सांगितलंस?' हे विचारायचं नाही. फादरांना कबुलीतलं काहीही, कोणत्याही कारणाने, आईबापांनाही सांगता येत नाही. मुलाने लिहून नेलेली चिठ्ठी असेल तर न वाचता फाडून टाका. वाचायचा मोह फार होतो, माहीत आहे!

---

रिकामा डबा

आमच्या मुलाचा बाप्तिस्माच झालेला नाही, आम्ही कॅथलिक नाही. शाळा चांगली म्हणून घातलंय. दुसरीत त्याचं काय होतं?

---

खडूफळा

धर्माचा तास त्यालाही असतो, वही पूर्ण करावी लागते, परीक्षा असली तर गुणही मिळतात. तिथे सवलत गृहीत धरू नका. पण कन्फेशन आणि कम्युनियन त्याच्यासाठी नाही. शाळेच्या मिस्साला तो वर्गाबरोबर बसतो, रांग पुढे जाते तेव्हा जागेवर थांबतो किंवा, तशी पद्धत असेल तिथे, छातीवर हात आडवे जोडून आशीर्वाद घेतो. यापैकी काय करायचं ते बाईंकडून कळून घ्या आणि मुलाला आदल्या दिवशी सांगा. न सांगितलेलं मूल इतरांचं बघून हात पुढे करतं, मग सगळ्यांसमोर मागे फिरावं लागतं आणि त्याला वाटतं आपलंच काही चुकलं.

दुसरीचं निम्मं वर्ष याच विषयाभोवती फिरतं, तालमींना वर्गाचा वेळ जातो. त्या वेळात बाकीच्या मुलांना वाचन, चित्रं की नुसतं बसणं, हे आधीच विचारलेलं बरं.

मेणबत्ती

एक पुरवणी. सात पूर्ण झालेल्या मुलाचा बाप्तिस्मा पुढे कधी करायचं ठरवलंत, तर तो तान्ह्या बाळासारखा होत नाही. मुलाची स्वतःची इच्छा आणि वेगळी तयारी लागते, आणि बाप्तिस्मा, दृढीकरण, कम्युनियन बहुधा एकत्रच देतात. त्यामुळे 'एप्रिलच्या आत उरकून वर्गाबरोबर उभा करू' हे जमेलच असं धरू नका.

---

पाटीपेन्सिल

फार उपयोगी. एक राहिलं, मुलीला सीलिएक आहे (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते), गहू अजिबात चालत नाही. होस्ट (कम्युनियनची पातळ भाकर) गव्हाचीच असते ना?

---

मेणबत्ती

हो, गव्हाचीच लागते. तांदळाची किंवा ग्लुटेन पूर्ण काढलेली चर्चच्या नियमात बसत नाही. दोन वाटा आहेत. एक, अत्यल्प ग्लुटेनची होस्ट. तिला मान्यता आहे, पण तेवढाही अंश मुलीला सोसेल का ते डॉक्टरांनी सांगायचं. दुसरी, फक्त द्राक्षारसातून कम्युनियन. भाकर आणि द्राक्षारस, दोन्हींपैकी प्रत्येक रूपात ख्रिस्त पूर्ण असतो, त्यामुळे तिचं कम्युनियन अर्धवट ठरत नाही.

पण चुकतं कुठे, तर प्याल्यात. मिस्सात फादर होस्टचा एक लहान तुकडा मुख्य प्याल्यात टाकतात, म्हणजे त्यात गहू आलाच. तिच्यासाठी वेगळा, तुकडा न टाकलेला प्याला मागा, आणि तो दुसऱ्या कोणी पिण्याआधी तिला मिळावा. अत्यल्प ग्लुटेनची होस्ट घेणार असाल तर ती वेगळ्या झाकणाच्या डबीत ठेवायला सांगा, कारण नेहमीच्या होस्टना लागलेली बोटं पुरेशी असतात. हे पॅरिशला आत्ताच कळवा आणि तालमीला पुन्हा सांगा. त्या दिवशी वेदीवर दुसरेच फादर असू शकतात.

तालमीचं निघालंच आहे तर : बाकीची मुलं न अभिषेक केलेल्या होस्टवर सराव करतात. ती कोरडी असते, टाळूला चिकटते, काही मुलं तोंड वेडंवाकडं करतात. चावली तरी चालते. हातावर घ्यायची तर डावा तळवा वर, उजवा त्याखाली, 'आमेन' म्हणायचं, बाजूला एक पाऊल सरकून उजव्या हाताने तिथेच तोंडात घालायची. खिशात किंवा जागेवर न्यायची नाही. पडली तर मुलाने उचलायची नाही, फादर बघतील. पांढरे हातमोजे घालणार असाल तर रांगेत उभं राहण्याआधी काढायचे, आणि डोक्यावर ओढणी असेल तर पेटती मेणबत्ती तिच्या हातात शक्यतो देऊ नका.

कम्युनियनआधी एक तास काही खायचं नाही, पाणी आणि औषध चालतं. हा तास कम्युनियनपर्यंतचा, मिस्सा सुरू होईपर्यंतचा नाही. त्यामुळे घरून पोटभर खाऊन निघालात तरी वेळेत बसतं, आणि उपाशीपोटी, नवे बूट घालून तासभर उभं राहिलेलं मूल भोवळ येऊन पडण्याचा प्रश्नही मिटतो.