घरी बनवलेली सीडी गाडीच्या स्टिरिओत वाजून नाही राहिली

जुनीगाडी_एमएच३१:
नमस्कार मंडळी, आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या, त्या बाबांसाठी सीडीवर टाकल्या कारण त्यांच्या जुन्या गाडीत ना यूएसबी आहे ना ब्लूटूथ, नुसता सीडीचा स्लॉट. लॅपटॉपमध्ये सीडी मस्त वाजते पण गाडीत टाकली की थोडा वेळ घरघर करते, एरर दाखवते आणि बाहेर येते. बाजारातून घेतलेल्या सीड्या मात्र बरोबर वाजतात. काहून होत असेल असं? एफएम ट्रान्समीटर वगैरे नका सांगू, बाबांना सीडी टाकली की वाजायला पाहिजे बस.

साउंडवाला_इतवारी:
भाऊ, आधी एक बघा. लॅपटॉपमध्ये सीडी उघडल्यावर मोबाइलवालीच नावं दिसतात का, म्हणजे शेवटी एम४ए किंवा एमपी३ असलेली? तसं असेल तर ती डेटा सीडी झाली. जुन्या डेकला फाइल वगैरे काही कळत नाही, त्याला फक्त ऑडिओ सीडी समजते, ४४.१ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओवाली. ऑडिओ सीडी असली की ट्रॅक०१ सीडीए, ट्रॅक०२ सीडीए असं दिसते. विंडोज मीडिया प्लेयरमध्ये बर्नच्या (सीडीवर लिहायच्या) टॅबवर जा, तिथल्या पर्यायांत ऑडिओ सीडी निवडा आणि मग गाणी ओढून टाका, रूपांतर तो स्वतःच करते. फक्त मग ७०० एमबीचा हिशोब विसरायचा, मिनिटं मोजायची. ८० मिनिटांच्या वर एक ओवी जास्त मावणार नाही.

रामटेककर:
वरचं बरोबर आहे, आणि डिस्कवर काय लिहिलंय तेही पाहा. सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असेल तर जुन्या डेकचा नाद सोडा, तिच्यावरून लेझरचा उजेड छापील सीडीच्या साधारण तिसरा-चौथा हिस्साच परत येतो, जुन्या लेन्सला तो पुरत नाही. साधी सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) आणा. डीव्हीडी तर चालणारच नाही. आणि बर्न करताना डिस्क फायनलाइज, म्हणजे शेवटी बंद, झालीच पाहिजे, कारण ट्रॅकची यादी डिस्कच्या आतल्या कडेला तेव्हाच लिहिली जाते, त्याच्याशिवाय कॉम्प्युटर वाचून घेतो पण डेकला डिस्क कोरीच वाटते. स्पीड सगळ्यात कमी ठेवा.

साउंडवाला_इतवारी:
सगळ्यात कमी नका ठेवू दादा, हल्लीच्या कोऱ्या सीड्या जास्त स्पीडसाठीच बनतात, एकदम हळू बर्न केल्या तर कधी कधी उलट जास्त चुका येतात. १६एक्स (म्हणजे १६ पट स्पीड) ठेवा, नाही जमलं तर दुसऱ्या ब्रँडची डिस्क.

धरमपेठची_ताई:
माझं एक कळकळीचं सांगणं आहे, कागदाचं स्टिकर अजिबात लावू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, बंद गाडीत तर विचारूच नका, त्या गरमीत स्टिकरचा गोंद सुटतो, कागद कडेने उचलला जातो आणि स्लॉटमध्ये डिस्क अडकली की पूर्ण डेक खोलावा लागतो. बॉलपेननंही लिहू नका, चकाकणारा थर लेबलच्याच बाजूला अगदी वर असतो, त्याला ओरखडा पडला की तिथला आवाज गेलाच. मऊ टोकाचा मार्कर घ्या. आणि सीडी डॅशबोर्डवर ठेवायची नाही, उन्हानं सीडी-आरचा रंगाचा थर खराब होतो. आजीचा आवाज आहे म्हणून मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर दोन्हीकडे ठेवाच.

जुनीगाडी_एमएच३१:
मंडळी वाजली!! डेटा सीडीच होती ती. सीताबर्डीतून सीडी-आर आणली, ऑडिओ सीडी म्हणून बर्न केली, बाबा वर्धा रोडनं जाऊन येईपर्यंत ऐकतच होते. फक्त दोन ओव्यांच्या मधे २ सेकंद शांतता येते, आजी तर एका दमात म्हणते, ते जाते का?

रामटेककर:
जाते. डिस्क-ॲट-वन्स पद्धतीनं, म्हणजे पूर्ण डिस्क मधे न थांबता एकदम, बर्न करा आणि ट्रॅकमधली गॅप ० करा. मीडिया प्लेयरमध्येही गॅपशिवाय बर्न करायचा पर्याय असतो, बर्नच्या सेटिंगमध्ये बघा, सापडेल.